गाद्यांच्या खोलीतला व्यंकटराव

सकाळी सहा ते साडेसात मी वाईट माणूस असायचो. पावणेआठला पिशवी घेऊन दूध आणायला जायचो. दोन वर्षं हे असं चाललं. टीव्हीवर रोज संध्याकाळी साडेसातला सगळ्या गावाला धाकात ठेवणारा व्यंकटराव सकाळी लातुरात, आमच्या गाद्यांच्या खोलीत तयार होतो, याचा गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

मालिकेचं नाव सांगत नाही. करारात तसं लिहिलंय, आणि एसटीत उभी हयात नोकरी केलेला माणूस लिहिलेलं मोडत नाही. मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे चौकशीच्या खिडकीत बसून 'देगलूर गाडी सात नंबरला लागलीय' असं माईकवर सांगणारा. निलंगा, उदगीर, लातूर अशा बदल्या झाल्या. खिडकी अशी बुटकी की समोरच्याचा चेहरा धड दिसायचा नाही, म्हणून मी माणसं कानानं ओळखायला शिकलो. उदगीरचा बोलता बोलता कानडीत शिरतो, देगलूरचा तेलुगू हेल काढतो, नांदेडचा 'काय करून राहिले' विचारतो, निलंग्याचा 'काय करायलाव' म्हणतो. देवीला निघालेल्या एखाद्या बाईला मी मान वर न करता विचारायचो, "मावशी, माहूरकडच्याच का?" मावशी दचकून खिडकीत डोकावायची. तेवढीच माझी करमणूक.

निवृत्तीला सहा महिने उरले असताना तन्वी नावाची मुलगी खिडकीशी आली. मुंबईच्या एका निर्मिती कंपनीत गोष्टीची आखणी बघणारी. त्यांना निलंग्याकडच्या एका गावाची मालिका करायची होती, म्हणून इकडची माणसं कशी बोलतात ते ऐकत ती फिरत होती. तेवढ्यात एक गृहस्थ औशाची गाडी चुकली म्हणून माझ्यावरच चढले. मी म्हटलं, "मालक, गाडी गेली ती गेली. आता काय माझ्यावर बसून औशाला जाता का?" गृहस्थ हसले, तन्वी तर हसत सुटली आणि माझा नंबर घेऊन गेली. निवृत्त झालो त्याच महिन्यात तिचा फोन आला. आयुष्यभर गाड्या सोडल्या, आता वाक्यं सोडायची होती.

काम काय ते सांगतो, कारण बायकोलाही ते कळायला चार महिने लागले. दुपारपर्यंत दुसऱ्या दिवशीचे सीन फोनवर यायचे. मुंबईच्या लेखकाचं मराठी स्वच्छ, इस्त्री केलेलं. मी ते आमच्याकडचं करायचं आणि मग एकेक वाक्य माझ्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवायचं. नटमंडळी ते कानाला लावून गाडीत, मेकअपच्या खुर्चीत ऐकायची आणि सेटवर तसं बोलायची. नुसतं लिहून भागत नाही. 'न्हाई' कागदावर कुणीही वाचेल, पण आमच्याकडं माणूस 'न्हाई' म्हणताना कुठं थांबतो ते कागदावर येत नाही.

आमच्या घरामागं डाळमिल. समोरून क्लासला जाणाऱ्या पोरांच्या दुचाक्या आणि ऑटो. शांत जागा एकच, मधली अंधारी खोली, जिथं गाद्या आणि गोधड्या छतापर्यंत रचलेल्या. त्यांच्यात बसलं की आवाज कापसात मुरतो. मी तिथं फतकल मारून बसायचो, फोन उशीवर ठेवायचो आणि डोळे मिटायचो. नुकतीच झोप झालेली, तूरडाळीचा कच्चा वास फटीतून आत येतोय, आपण कुठं आहोत हे धड कळत नाही, अशा वेळी मी व्यंकटरावाला हाक मारायचो.

पहिल्या आठवड्यात व्यंकटराव नुसता ओरडत होता. लेखकानं लिहिलं होतं, 'मी तुला जिवंत सोडणार नाही,' आणि पुढं कंसात 'पेला भिंतीवर आपटतो'. मी ते खोडून लिहिलं, 'बस. पाणी घे. उन्हात आलास.' तन्वीचा फोन आला.

"काका, धमकी कुठं गेली?"

"हीच धमकी हाय, बाई."

"पाणी घे?"

"आमच्याकडचा खरा दांडगा माणूस ओरडत नसतो. ओरडतो तो भ्यालेला. दांडगा माणूस तुम्हाला बसवतो, पाणी देतो, पोरंबाळं कशी हायत विचारतो. तुमचं पाणी घशाखाली उतरत न्हाई."

त्यांनी तसं करून पाहिलं. सीन झाल्यावर सेटवर कुणी बोलेना म्हणे. तिथून व्यंकटराव माझ्या हातात आला.

आणि खरं सांगतो, त्याचा आवाज मला शोधावा लागला नाही. तो आमच्या आण्णाचा होता. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, घर त्यानंच चालवलं, पुढं गावही त्यानंच चालवलं. कधी आवाज चढवला नाही आणि कधी कुणाचं ऐकलं नाही. मालिका सुरू व्हायच्या चार वर्षं आधी तो वारला. मला त्याचा राग होता, तो वारला त्या दिवशीही होता. गाद्यांच्या खोलीत डोळे मिटले की मात्र तो समोर खाटेवर येऊन बसायचा, धोतराचा सोगा मांडीवर, आणि माझ्या तोंडून बोलायला लागायचा. कधी कधी रेकॉर्डिंग संपायचं तरी मला वाटायचं, अजून थोडा वेळ बसावं. असं वाटल्याची लाजही वाटायची.

व्यंकटरावाचं काम करणारे नट कोकणातले. इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. सेटवरच्या कुत्र्यालासुद्धा 'जरा सरकता का' म्हणायचे. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला काका. रोज सातला फोन.

"काका, हे 'तू काळजी करू नको, मी हाय' प्रेमानं म्हणायचं की दम देत?"

"दोन्ही, सर."

"एकाच वाक्यात?"

"आमच्याकडं वेगळं वेगळं मिळत न्हाई."

ते बिचारे तासभर तेच वाक्य घोकायचे. पण जमवलं त्यांनी. वर्षभरात लोकांना व्यंकटराव नायकापेक्षा जास्त आवडायला लागला. डेअरीवर दुधाची वाट बघत उभं राहिलं की मला ऐकू यायचं. शेजारच्या गावाचं पाणी व्यंकटरावानं रातोरात वळवलं ते वाईटच, असं एक जण म्हणायचा. लगेच दुसरा म्हणायचा, "पण आपल्या गावातल्या बायांचं तंगडतोड फिरणं तर थांबलं की." दोघं हमरीतुमरीवर यायचे आणि मी पिशवी पुढं करून गंभीर चेहऱ्यानं एक लिटर मागायचो. आतून मात्र उकळ्या फुटायच्या. निव्वळ दुष्ट माणूस लिहायला सोपा असतो. तुम्हाला त्याची चीड येते आणि तो घरात आला की तुम्ही त्याला खुर्चीही देता, असा माणूस उभा करणं अवघड. गोष्ट मी लिहीत नव्हतो, बोलत होतो फक्त, तरी माझा हिस्सा मी सोडणार नाही.

याच फुशारकीत मी घोळ घातला.

माझी धाकटी बहीण कमल. देगलूरला असते. शाळेत पहिला नंबर तिचा, अक्षर मोत्यासारखं. ती दहावीत असताना आण्णानं तिला शाळेतून काढलं आणि महिन्याच्या आत देगलूरला देऊन टाकलं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती. गावात कुणीतरी तिच्याबद्दल काहीतरी बोललं होतं आणि ते आण्णाच्या कानावर आलं, असं म्हणत. खरं-खोटं त्यालाच माहीत. सासरी निघताना कमल पुस्तकांची पिशवी कोपऱ्यात ठेवायला लागली, तेव्हा आण्णा अगदी हळू आवाजात म्हणाला, "संगट घे. तिथं वाचायला लई येळ मिळंल तुला." तिथं सतरा माणसांचं घर होतं. पिशवी सोडायलासुद्धा तिला वेळ मिळाला नाही.

आणि याच आण्णानं, कमलचं पोरगं तापानं फणफणलं तेव्हा, नांदेडच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात अकरा दिवस काढले. जेव म्हटलं तर जेवायचा नाही. पोरगं बरं झालं आणि तो कमलशी एक शब्द न बोलता गाडीत बसून गावाकडं निघून गेला. चुकलं असं तो कधीच म्हणाला नाही. कमलनंही तो मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

तर एकदा तन्वीनं विचारलं, "काका, असा माणूस सगळ्यांत मोठा अन्याय करताना कसा बोलत असेल? नमुना म्हणून एखादं वाक्य सांगा ना." दिवसभर नमुने द्यायची सवय जडलेली. मी पटकन ते पुस्तकांचं वाक्य आण्णाच्या आवाजात म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "हे कुणाला म्हणाला होता?" मला वाटलं, बोलीबद्दलच विचारते आहे. मी सांगत गेलो. घरातलं सगळं सांगून बसलो.

दोन महिन्यांनी सीन आले. व्यंकटराव पुतणीला शाळेतून काढतो. पिशवी, कोपरा, वाक्य, सगळं तसंच. मी नको म्हणू शकलो असतो, तन्वीनं ऐकलंही असतं. मी नको म्हटलं नाही, कारण सीन चांगला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोधड्यांमध्ये बसून ते वाक्य मी चार वेळा रेकॉर्ड केलं आणि चौथं पाठवलं.

ते टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी सुमन, माझी बायको, पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. मालिका संपली आणि माझा फोन वाजला.

"मधूदादा," कमल म्हणाली, "आण्णा टीव्हीत बोलून राहिला."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू दिलंस का ते वाक्य?"

"हाव."

"मला वाटलंच. दुसऱ्या कुणाला ठावंच न्हाई ते."

"राग आला का गं?"

"आला की. चूल बंद करून बसले." तिकडचा पंखा कुरकुरत होता. "पण लई वर्सांनी ऐकला रं त्याचा आवाज."

तेव्हापासून मालिका संपली की रोज तिचा फोन यायला लागला. आम्ही भावंडं आयुष्यात जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या वर्षात बोललो. तिच्या घरी आता ती आणि मुलगा-सून, एवढीच माणसं. सून स्वयंपाकघरात, मुलगा दुकानात, आणि ही दिवा न लावता टीव्हीपुढं. मला ते इकडं बसून दिसायचं. निळ्या उजेडात तिचं तोंड, आणि समोर आण्णा, जिवंत, साडेसात ते आठ. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. "आज त्याला सांगितलं, इतका ताठा बरा न्हाई," असं मला सांगायची. मी हसायचो. एक दिवस ती हसली नाही.

"मधूदादा, त्याला एकदा चुकलं म्हणायला लाव."

"अगं, गोष्ट माझ्या हातात नसती. मी निस्ती बोली बघतो."

"मग बोलीतच म्हणू दे. लई मोठं नको. चुकलं, एवढंच."

"तो मुंबईचा नट हाय, कमल. त्यानं म्हणून काय होणार?"

"आवाज तर आण्णाचाच हाय ना? तो तर न म्हणताच गेला. मला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचंय. मी काय लई मागून राहिले का?"

मला झोपेतून उठल्यासारखं झालं. इतके दिवस मला वाटत होतं, ती मालिका बघते. ती वाट बघत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं की मालिका बंद होणार. प्रेक्षक घटले होते, वाहिनीला दुसरं काही आणायचं होतं. शेवटच्या भागाचं स्क्रिप्ट आलं. व्यंकटराव दवाखान्यात पडलाय आणि पुतणीसमोर दोन पानं भरून पश्चात्ताप करतो, त्यात पाप, पुण्य, विधाता सगळं येतं, बाहेर विजा चमकतात. असलं काही आलं की मी एरवी तन्वीशी भांडायचो. हा माणूस माफी मागणार नाही, हा माझा दोन वर्षांचा हट्ट. तीन वेळा मी त्याच्या तोंडची माफी खोडली होती, आणि व्यंकटराव खरा वाटायचा तो त्यामुळंच, हे तन्वीसुद्धा मानायची. आता मीच ती माफी ठेवली. दोन पानं काढून टाकली आणि एकच ओळ लिहिली, 'चुकलं माझं, पोरी.'

सातला सरांचा फोन आला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा कडक होता.

"काका, हे व्यंकटराव म्हणणार नाही."

"म्हणंल, सर."

"तुम्हीच शिकवलंत मला. तो मरेल, पण हे म्हणणार नाही. पुतणीकडे बघेल आणि तोंड फिरवेल. मी तसं करू का? तेच खरं होईल."

त्यांचं बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस माझ्याच धंद्यातली गोष्ट मला सांगत होता, आणि मला अभिमान वाटायला पाहिजे होता. मी म्हटलं, "सर, एवढं माझं ऐका. दोन वर्षांत तुमच्याकडं काही मागितलं न्हाई. हे एक वाक्य म्हणा." ते म्हणाले, "रेकॉर्ड करून पाठवा."

मी खोलीत गेलो, डोळे मिटले. आण्णा खाटेवर आला, पण हे वाक्य काही म्हणेना. मी अकरा वेळा रेकॉर्ड केलं. दर वेळी वाटायचं, आवाज त्याचा आहे पण माणूस निघून गेलाय. सुमन दारात येऊन उभी राहिली होती. "कुणाला म्हणताय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पुतणीला. सीनमध्ये." ती चहा टाकायला गेली.

सरांनी ते फार सुंदर केलं. भाग लागला तेव्हा शेजारच्या डेअरीवाल्याच्या घरून हुंदका ऐकू आला. मी फोन मांडीवर घेऊन बसलो होतो. आठ वाजले, साडेआठ झाले, कमलचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर तिनं उचलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आला.

"बघितलं," ती म्हणाली.

"कसं वाटलं?"

"चांगलं केलं त्या माणसानं. पण तो आण्णा नव्हता, मधूदादा. आण्णा तसं म्हणला नसता. मला ऐकताक्षणी कळलं."

"मग कोण व्हतं?"

"तूच व्हतास की." ती रागानं बोलत नव्हती. "मीच मागितलं, आणि तू दिलंस, तुझं काई चुकलं न्हाई त्यात. पण मी तीन दिवस इचार करून राहिले. आण्णा त्या दिवशी घरी व्हता. मला शाळंतनं न्यायला कोण आलं व्हतं?"

वर मी लिहिलंय की आण्णानं तिला शाळेतून काढलं. लोकांना मी आजवर तसंच सांगत आलो, तन्वीलाही तसंच सांगितलं. खरं असं आहे की आण्णा शाळेत गेलाच नव्हता. सायकल घेऊन मी गेलो होतो. मी वीस वर्षांचा होतो, कळता होतो. आण्णानं सांगितलं, तिला घेऊन ये, आणि कशाला ते मला माहीत होतं. घरी पाहुणे येऊन बसले होते. मी बाईंना सांगितलं, आई आजारी आहे. कमल वही तशीच उघडी ठेवून पळत बाहेर आली. साडेतीन कोस ती मागं कॅरिअरवर बसून विचारत होती, आईला काय झालं, दादा, सांग की, आईला काय झालं. मी पायडल मारत राहिलो. वाटेत दोन वेळा उतारावर मनात आलं की सायकल वळवावी. वळवली नाही. दारात आई धडधाकट उभी दिसली तेव्हा कमल आधी हसली, आणि मग तिनं पाहुण्यांच्या चपला पाहिल्या. आण्णाचा राग करणं मला आयुष्यभर फार सोयीचं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी देगलूरला गेलो. खिडकीशी जागा मिळाली. उदगीरच्या पुढं मी तोंडातल्या तोंडात ते वाक्य म्हणून बघत होतो. आण्णाच्या आवाजात झकास यायचं. सरांच्या आवाजातसुद्धा यायचं. माझा आवाज कसा असतो तेच मला आठवेना.

कमल अंगणात गहू निवडत बसली होती. मुलगा दुकानात गेलेला, सून पाणी देऊन आत गेली. मी तिच्यासमोर खाली बसलो. ती म्हणाली, "ऊन लागलं असंल. आधी पाणी घे."

मी पाणी घेतलं नाही. "कमल," मी म्हटलं, "आई आजारी नव्हती. मला ठाऊक होतं. मी खोटं बोलून तुला आणलं. चुकलं माझं."

आवाज चिरका निघाला, मध्येच फाटला. रेकॉर्डिंगमध्ये असता तर मी पाठवला नसता. ती सुपात बघत राहिली, दोन खडे काढून टाकले. मग सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"अजून एकदा म्हण," ती म्हणाली.

मी म्हटलं.